टेबलवर एकजण सतत रेज करतोय: आपल्या चिप्स नेमक्या कुठे गळतात ते शोधण्याचा क्रम

इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या घरी दर शनिवारी रात्री पोकरची टूर्नामेंट होते. नऊ खुर्च्या, प्रत्येकाला ५००० चिप्स, ब्लाइंड (पानं बघण्याआधीच पाळीपाळीनं दोघांनी भरायच्या सक्तीच्या चिप्स, लहान ती स्मॉल ब्लाइंड, मोठी ती बिग ब्लाइंड) २५-५० पासून सुरू आणि दर वीस मिनिटांनी वाढ. पैसा लावायचा नाही, हा नियम पहिल्या रात्रीपासूनचा. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ३ आणि वर्षभराचा तक्ता फ्रिजच्या दारावर. ब्लाइंड वाढवणं, वाद मिटवणं आणि हिवाळ्यात गराडू (एक कंद) तळणं ही कामं माझ्याकडे. त्यामुळे बाद झालेला खेळाडू आधी स्वयंपाकघरात येतो आणि बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतो: "काका, तो प्रत्येक डाव रेज करतो हो. खेळूच देत नाही." रेज म्हणजे लावलेली बेट वाढवणं; मग बाकीच्यांनी तेवढ्या चिप्स भरायच्या (कॉल) किंवा पानं टाकायची (फोल्ड).

हा बिघाड मी स्वतः दीड वर्ष भोगलाय. नंतर बऱ्याच जणांच्या खेळातून तो काढूनही दिलाय. माणूस वेगळा, पानं वेगळी, पण गळती त्याच दोन-तीन ठिकाणी सापडते. म्हणून तपासणीचा क्रम लिहून ठेवतोय. सुरुवातीच्या तपासण्यांना एकही चिप लागत नाही, शेवटच्यांना पूर्ण स्टॅक, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स, लागतो. बहुतेक लोक शेवटून सुरुवात करतात, म्हणजे चिडून ऑल-इन करतात (सगळ्या चिप्स एकदम लावतात), आणि बिघाड कुठे होता हे न कळताच घरी जातात.

लक्षणं

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे टाकीची भाषा सगळ्यांना समजते. टाकी हळूहळू रिकामी होत असेल तर कुठेतरी झिरपतंय, आणि एका तासात रिकामी झाली तर पाइप फुटलाय. पोकरमध्येही आधी हेच ठरवायचं.

झिरपण्याची लक्षणं अशी: दीड तासात ५००० च्या ३१०० झाल्या, पण एकही मोठा डाव हरल्याचं आठवत नाही. ब्लाइंडमधून त्याचा रेज कॉल केला, फ्लॉप (हातातल्या दोन पानांना जोडायला टेबलवर उघडलेली पहिली तीन पानं) लागला नाही, त्यानं बेट लावली, तुम्ही पानं टाकलीत, आणि हेच सात-आठ वेळा झालं. एक्क्यांची जोडी आली तेव्हा मात्र नेमके सगळे फोल्ड.

पाइप फुटण्याची लक्षणं वेगळी आहेत. इतर कुणासमोर पहिल्या फेरीतच टाकली असती अशी पानं त्याच्यासमोर शेवटपर्यंत नेलीत. कॉल करताना मनात पॉटचा (मध्ये जमलेल्या चिप्सचा) आकडा नव्हता, त्याचा चेहरा होता. नंतर कुणी विचारलं तर उत्तर आलं, "एकदा धडा शिकवायचा होता."

दोन्ही लक्षणं एकाच माणसात, एकाच रात्री दिसू शकतात. दीड तास झिरपतं आणि त्या रागात पाइप फुटतो. म्हणून आधी झिरपणं शोधायचं.

पहिली तपासणी: तो खरंच इतका रेज करतो का?

याला खर्च शून्य. पुढचे दोन पूर्ण फेरे, म्हणजे नऊ जणांच्या टेबलवर अठरा डाव, फक्त मोजा. ज्या डावात त्याची पाळी येईपर्यंत कुणी रेज केलेला नाही, तेवढेच डाव धरा आणि त्यातले किती त्यानं रेज करून उघडले ते लिहा.

हे का करायचं? कारण आपली आठवण रागाच्या बाजूनं झुकते. समजा, एखादा अगदी साधा खेळाडू सरासरी पाचातून एकदा रेज करतो. दहा डावांत त्यानं चार किंवा जास्त वेळा रेज करण्याची शक्यता सुमारे १२ टक्के निघते, म्हणजे साधारण आठातून एकदा. तुमच्याभोवती आठ माणसं बसलेली असताना नुसत्या पानांच्या योगानं कुणीतरी एकजण त्या रात्री माथेफिरू वाटणारच. सहा किंवा जास्त वेळा हा प्रकार मात्र दीडशेतून एकदाच घडतो. तिथे पानांचा दोष नाही, माणसाची सवय आहे असं धरायला हरकत नाही.

मोजताना टेबलवर किती जण उरलेत तेही लिहा. नऊ जणांत दहापैकी चार रेज जास्त आहेत. चार जण उरले असताना तेवढेच रेज अगदी योग्य खेळ आहे. बटणवर (वाटपाच्या जागी, जिथून फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी खेळायला मिळतं) बसलेला माणूस तर चांगला खेळाडू असूनही निम्म्याच्या जवळपास डाव उघडू शकतो. आमच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपल्या. तो जास्त रेज करत नव्हता, तक्रार करणाराच टेबल लहान झाल्यावरही नऊ जणांसारखा बसून राहिला होता.

दुसरी तपासणी: हा दाबणारा आहे की न सोडणारा?

हीसुद्धा फुकट, आणि माझ्या मते सगळ्यात कमी केली जाणारी. आक्रमक माणसं दोन जातींची असतात. एक दाबणारा: भरपूर रेज करतो, पण समोरून पुन्हा रेज आला की पानं टाकतो. दुसरा न सोडणारा: रेज करतो आणि नंतर काहीही झालं तरी रिव्हरपर्यंत, म्हणजे टेबलवरच्या पाचव्या आणि शेवटच्या पानापर्यंत, येतो. दोघांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. दाबणाऱ्याला परत दाबायचं. न सोडणाऱ्यासमोर ब्लफ (हातात काही नसताना लावलेली खोटी बेट) पूर्ण बंद ठेवायचा, चांगली पानं आली की मोठी बेट लावायची आणि त्याला कॉल करू द्यायचं. ओळख चुकली तर औषधच विष होतं.

ओळखायचं कसं? तुम्ही डावात नसतानाच तर खरं काम असतं. त्याच्या रेजवर कुणीतरी री-रेज करेल तेव्हा तो काय करतो ते बघा. पानं उघडली गेली की लगेच लिहा: कुठल्या जागेवरून रेज केला होता, रिव्हरवर बेट लावली तेव्हा हातात काय होतं. माझ्याकडे खिशात मावेल अशी छोटी वही असते. पानं टाकून मोबाइल बघत बसणारे खेळाडू हीच माहिती रोज फेकून देतात.

आमच्याकडे असे बरेच खेळाडू दिवाळीच्या तीन पत्तीतून आलेत. तीन पत्तीत ब्लाइंड खेळणाऱ्याच्या दुप्पट चाल पानं पाहिलेल्याला द्यावी लागते. तिथे दाबणं हेच शस्त्र, आणि घाबरलेला माणूस पॅक होतो. तेच शस्त्र घेऊन तो पोकरला बसतो. पण पोकरमध्ये तुम्हाला फुकट चेक करता येतं (काही न लावता पाळी पुढे देता येते), नुसता कॉल करून फेरी बंद करता येते, आणि चार फेऱ्यांत त्याची गोष्ट जुळते की नाही ते तपासता येतं. ही मोकळीक वापरली नाही तर तुम्ही त्याच्यासोबत तीन पत्तीच खेळताय.

तिसरी तपासणी: फ्लॉपवर तुम्ही किती वेळा पानं टाकता?

आता आरसा स्वतःकडे. झिरपणाऱ्या टाक्यांपैकी बहुतेक इथेच सापडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

जोडी नसलेली कुठलीही दोन पानं घेऊन फ्लॉप पाहिला, तर आपल्या पानांपैकी एकाची तरी जोडी लागण्याची शक्यता साधारण ३२ टक्के असते. म्हणजे तीनातून दोन वेळा काही लागत नाही. आता तुमचा नियम "जोडी लागली तर थांबायचं, नाही तर टाकायचं" असा असेल, तर तुम्ही तीनातून दोन वेळा टाकताय.

त्याच्या बाजूनं हिशेब करा. पॉट ११०० चा आहे आणि तो ५५० ची बेट लावतो. ११०० मिळवण्यासाठी तो ५५० पणाला लावतोय. हातात काहीही नसलं तरी ही बेट तीनातून एकदा चालली की त्याचं नुकसान होत नाही. तुम्ही तीनातून दोनदा टाकताय. म्हणजे त्याला पानं बघायचीसुद्धा गरज नाही, तुमची सवय त्याला पुरते. हे मला पहिल्यांदा कागदावर समजलं त्या रात्री मी उशिरापर्यंत जागा होतो. दीड वर्ष मी त्याच्या नशिबाला दोष देत होतो आणि चिप्स माझ्याच नियमामुळे जात होत्या.

दुरुस्ती दोन टोकांनी होते. एक, फ्लॉपच्या आधी कमी डावांत शिरा, पण ज्या पानांना फ्लॉपनंतर टिकायला जागा असते अशा पानांनी शिरा: एकाच रंगाची लागोपाठची पानं, मधल्या जोड्या, चांगल्या साथीचा एक्का. राजा-तिर्री, राणी-पंजी अशी वेगवेगळ्या रंगांची पानं घेऊन "स्वस्त आहे, बघू" म्हणणं बंद करा. दोन, फ्लॉपवरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पानाची जोडी, स्ट्रेट (लागोपाठची पाच पानं) किंवा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) पूर्ण व्हायची वाट, किंवा फ्लॉपपेक्षा मोठी दोन पानं असली तर एक बेट तरी कॉल करा. पॉटच्या निम्म्या बेटला कॉल करायला २५ टक्के जिंकण्याची शक्यता पुरते. ५५० देऊन एकूण २२०० चा पॉट होतो, त्याचा चौथा हिस्सा तुम्ही भरलाय.

मात्र कॉल करण्याआधी पुढचा खर्च डोळ्यांसमोर हवा. ब्लाइंड १००-२०० आहेत, त्यानं ५०० चा रेज केला आणि तुम्ही बिग ब्लाइंडमधून कॉल केला: पॉट ११००. फ्लॉपवर त्याची निम्मी बेट ५५०, पॉट २२००. टर्नवर (चौथ्या पानावर) ११००, पॉट ४४००. रिव्हरवर २२००. आधीचे ५०० धरून शेवटपर्यंत जायला ४३५० चिप्स लागतात. फ्लॉपवर "बघू तरी" म्हणताना भाव ५५० दिसतो, पण दाबणाऱ्यासमोर खरी किंमत ४३५० ची असू शकते. फ्लॉप कॉल करून टर्नला नेमानं टाकणारा माणूस पहिल्या नियमापेक्षाही महाग पडतो, कारण तो एक बेट जास्त देऊन टाकतो.

चौथी तपासणी: तो तुमच्या कुठल्या हाताला बसलाय?

तो उजव्या हाताला असेल तर बहुतेक डावांत त्याचा निर्णय आधी होतो आणि तुम्ही बघून खेळता. नशीबवान आहात. तो डाव्या हाताला असेल तर तुमच्या प्रत्येक रेजमागे त्याचा री-रेज उभा असतो. अशा वेळी हलक्या पानांनी डाव उघडणं कमी करा. फ्लॉप लागला तरी आपण होऊन बेट न लावता त्याच्याकडे चेक करा, कारण बेट तो स्वतःच लावणार आहे. टूर्नामेंटमध्ये जागा चिठ्ठीनं ठरते आणि ती मागून बदलून मिळत नाही. म्हणून हे तपासायला एक मिनिट पुरे.

पाचवी तपासणी: परत दाबता येईल एवढा स्टॅक आणि कारण आहे का?

इथून पुढे चिप्स खर्च होतात. दुसऱ्या तपासणीत तो दाबणारा निघाला असेल तरच हे वाचा.

ब्लाइंड १००-२००. बटणवरून त्यानं ५०० चा रेज केला, स्मॉल ब्लाइंडनं टाकलं, तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये आहात आणि तुमच्याकडे ब्लाइंडसकट ३००० आहेत, म्हणजे पंधरा बिग ब्लाइंड. पॉटमध्ये ८०० पडलेत. हातात एकाच रंगाचे एक्का-पंजी. साधा कॉल केला तर फ्लॉपनंतर पुन्हा तिसऱ्या तपासणीतल्याच खड्ड्यात. ऑल-इन केलं तर?

वहीनुसार तो अशा वेळी दहापैकी सात वेळा टाकतो असं धरा. सात वेळा ८०० मिळाले, म्हणजे सरासरी ५६०. उरलेल्या तीन वेळा तो चांगल्या पानांनी कॉल करतो आणि तुमची जिंकण्याची शक्यता ३३ टक्के धरली, तर ६१०० च्या पॉटमधला तुमचा वाटा साधारण २०१३, आणि तुम्ही घातलेत २८००. तोटा ७८७, तीन दशांशांनी सरासरी २३६. एकूण हिशेब ३२४ चिप्सनी तुमच्या बाजूला.

एक्का हातात असण्याचा आणखी एक फायदा आहे. तुमच्या हातात एक एक्का असला की त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार ६ वरून ३ वर येतात, आणि एक्का-राजा असण्याचे १६ वरून १२ वर. ज्या पानांनी तो कॉल करेल, त्यांच्यातलंच एक पान तुम्ही धरून बसलाय. म्हणून परत दाबायला राणी-गुलामापेक्षा लहान साथीचा एक्का बऱ्याचदा बरा.

दहापैकी सात हा आकडा मात्र वहीतून यायला हवा. तो दहापैकी तीनच वेळा टाकत असेल तर वरचा हिशेब तोट्यात जातो. आमच्या एका तरुण खेळाडूनं हे गणित पाठ केलं आणि नेमकं न सोडणाऱ्या माणसावर सलग तीन शनिवार वापरलं. गणित बरोबर होतं, पण माणूस चुकला.

चाळीस-पन्नास बिग ब्लाइंड असताना ऑल-इनची गरज नाही. तिथे त्याच्या रेजच्या तिप्पट री-रेज पुरतो, शक्यतो त्याच्यानंतर खेळायला मिळत असेल तेव्हाच. तीस-चाळीस डावांत एक-दोनदा केलं तरी तो तुमच्या ब्लाइंडकडे वळायच्या आधी विचार करू लागतो.

सहावी तपासणी: रिव्हरवर कुठल्या पानांनी कॉल करायचं?

ही अवघड आहे. इथे चूक झाली तर रात्र संपते.

माझी आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. आयुष्यभर मेंढीकोट खेळली, पोकर तिनं आमच्याकडेच शिकलं. एका शनिवारी वरच्याच आकड्यांचा डाव तिच्यासमोर आला. तिच्याकडे ५००० होते, हातात किलवरचा राजा आणि इस्पिकची दश्शी. फ्लॉपवर बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर चौकी. त्यानं ५५० लावले, आत्याचा कॉल. टर्नवर इस्पिक राणी, ११००, कॉल. रिव्हरवर चौकट दुर्री, आणि त्यानं २२०० पुढे सरकवले.

आत्या बराच वेळ गप्प होती. बदामाची वाट चुकलेली दिसत होती. तिच्या स्वतःच्या हातात एकही बदाम नव्हता, म्हणजे चुकलेल्या बदामाची दोन पानं त्याच्याकडे असायला पूर्ण जागा होती. आणि त्या रात्री त्यानं दोनदा चुकलेल्या वाटेवर रिव्हरला बेट लावल्याचं तिनं पाहिलं होतं. २२०० देऊन ८८०० चा पॉट, लागणारी शक्यता २५ टक्के. चारातून एकदा जरी तो खोटा असेल तरी कॉल बरोबर. तिनं कॉल केला. त्यानं बदामाचे गुलाम-नव्वी दाखवले. आत्याच्या चिप्स झाल्या ९४५०.

मी नंतर विचारलं, "आत्या, तुला भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "वाटली ना. पण भीती मोजण्यात धरायची नसते."

मला यातली बदाम नसण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. नवीन खेळाडू उलट विचार करतो: माझ्याकडे बदामाचा एक्का आहे, म्हणजे त्याला फ्लश लागला नसणार, कॉल करतो. पण फ्लश आलेलाच नसेल तर प्रश्न चुकलेल्या वाटेचा आहे. तुमच्या हातात जितके बदाम, तितके त्याचे ब्लफ कमी. अशा वेळी बदाम नसलेली वरची जोडी ही बदाम असलेल्या त्याच जोडीपेक्षा कॉलला चांगली. आणि ज्यानं आजवर रिव्हरला एकदाही खोटी बेट दाखवलेली नाही, त्याच्यासमोर हे सगळं बाजूला ठेवून पानं टाका. फ्लॉपवर आक्रमक असलेले कित्येक जण रिव्हरला अगदी प्रामाणिक असतात.

सातवी तपासणी: गुण मिळायला एकच माणूस बाद व्हायचा उरलाय का?

याला बबल म्हणतात, आणि दाबणाऱ्याचं पीक इथेच येतं. शहाण्या आक्रमक खेळाडूला हे कळलेलं असतं, म्हणून तो याच वेळी सगळ्यात जास्त दाबतो.

आमच्या तक्त्यावरचंच उदाहरण घ्या. चार जण उरलेत, तिघांना गुण मिळणार. त्याच्याकडे २००००, तुमच्याकडे १३०००, इतर दोघांकडे ८००० आणि ४०००. तो तुमच्यावर ऑल-इन करतो. चिप्सच्या हिशेबानं ५० टक्क्यांच्या वर काहीही असेल तर कॉल करावासा वाटतो. आता गुणांचा हिशेब करा, ज्याला आयसीएम म्हणतात: प्रत्येक स्टॅकवरून पहिला, दुसरा, तिसरा येण्याची शक्यता काढायची आणि गुणांनी गुणायची. पानं टाकलीत तर तुमच्या १३००० ची किंमत साधारण ५.६ गुण. कॉल करून जिंकलात तर २६००० ची किंमत साधारण ७.८. हरलात तर शून्य. म्हणजे ब्लाइंड न धरता, कॉलला ७२ टक्क्यांच्या आसपास जिंकण्याची शक्यता लागते.

तो अगदी कुठल्याही दोन पानांनी ऑल-इन करत असेल, तरी वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा सुमारे ६५ टक्केच जिंकतात. दश्शीची जोडी ७५ टक्क्यांपर्यंत जाते. तेव्हा त्या क्षणी एक्का-राजा टाकणं बरोबर आणि दश्शीची जोडी कॉल करणं बरोबर. हे ऐकून आमच्याकडे दर वेळी कुणीतरी उसळतं. कागद-पेन्सिल देऊन बसवलं की अर्ध्या तासात पटतं.

यावर उपाय कॉल करण्यात नाही, पहिला होण्यात आहे. लहान स्टॅकवाल्या दोघांवर तुम्हीच आधी ऑल-इन करा, तो पानं टाकून बाजूला गेलेला असेल तेव्हा. जी भीती तो तुम्हाला घालतोय, तीच त्या दोघांना आहे.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

स्टॅक दहा बिग ब्लाइंडच्या खाली गेला की वरच्या बारीक तपासण्या बंद करा. पॉल मॅग्रिएल यांच्या नावानं ओळखलं जाणारं एम हे माप सोपं आहे: तुमच्या चिप्स भागिले एका फेऱ्यात जाणारे ब्लाइंड आणि अँटी (प्रत्येकानं दर डावाला भरायच्या चिप्स). एम पाचाच्या आसपास आला की निर्णय दोनच उरतात, ऑल-इन किंवा फोल्ड. तिथे समोर कोण आहे यापेक्षा कुठल्या पानांनी ऑल-इन करायचं त्याच्या तयार तक्त्याप्रमाणे खेळा.

खेळातला वाद असेल तर स्वतः निवाडा करू नका. तो मोठ्या चिप्स मागे लपवत असेल, दोन हप्त्यांत बेट सरकवत असेल, डाव चालू असताना पानांविषयी बोलत असेल, किंवा दोघेजण एकमेकांना कधीच रेज न करता फक्त तुम्हालाच मध्ये पकडत असतील, तर डाव थांबवून टूर्नामेंट डायरेक्टरला बोलवा. घरच्या खेळात यजमानाला सांगा. आरोप करू नका, काय पाहिलं तेवढंच सांगा. मी असे दोन प्रसंग मिटवलेत. दोन्ही वेळा डाव तिथल्या तिथे थांबवल्यामुळेच काय झालं ते स्पष्ट दिसलं. पुढच्या डावानंतर सांगितलं असतं तर कुणालाच काही आठवलं नसतं.

तीन महिने वही नीट भरूनही गळती सापडत नसेल तर एखाद्या चांगल्या, अनुभवी खेळाडूला ती वही दाखवा. डाव सांगताना स्टॅक, जागा आणि प्रत्येक बेटचा आकडा सांगा. नुसतं "तो वेडा आहे" यावर कुणालाच काही सांगता येत नाही. सरावासाठी ऑनलाइन पैशांचं टेबल मात्र शोधू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा मंजूर केलाय. फुकट चिप्सवर हात बसवता येतो, वर लिहिलेलं सगळं त्यावरही शिकता येतं.

शेवटची तपासणी पत्त्यांची नाही. शनिवारी त्या माणसाकडून हरल्यावर सोमवारीही तोच डाव डोक्यात फिरत असेल, झोप उडाली असेल, हरलेलं परत मिळवायला कुठेतरी पैसे लावून खेळावंसं वाटत असेल, घरच्यांपासून खेळ किंवा उधारी लपवली जात असेल, तर तिथे माझी वही कामाची नाही आणि कुणाही पोकर शिकवणाऱ्याची नाही. खेळ त्याच दिवशी थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, आणि मराठीत बोलायची सोय आहे. आमच्याकडचा एकजण असा थांबला, तेव्हा त्याची नववी खुर्ची आम्ही कुणाला दिली नाही. तो शनिवारी येतो, पत्त्यांना हात लावत नाही, माझ्यासोबत गराडू तळतो.